खैरवडीची विचारणी

माणदेशाच्या कडेला, डांबरी रस्ता संपून मुरूम लागतो तिथे, खैरवडीच्या वेशीबाहेर मरीआईचे ठेंगणे देऊळ आहे. देवळासमोर पिंपरणीचे जुने झाड आणि झाडाभोवती दगडी पार. गावात त्याला विचारणीचा पार म्हणतात.

आषाढात मरीआईची जत्रा भरते, तेव्हा या पारावर अंग दुखवून घेणारे लोक येतात. आसूड ओढणारा पोतराज येतो, दंडातून दाभण आरपार काढणारा येतो, निखाऱ्यांवरून चालणारा येतो. अशी माणसे महाराष्ट्रातल्या कितीतरी जत्रांत दिसतात. खैरवडीत मात्र खेळ संपला की कोणी टाळी वाजवत नाही आणि शिट्टीही मारत नाही. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलेले असते, त्या घरातले एक माणूस कोमट तेल आणि हळदीची वाटी घेऊन पारावर चढते, त्या खेळ करणाऱ्याच्या समोर बसते आणि विचारते, "दुखलं का?" तो उत्तर देईपर्यंत जत्रेतला एकही माणूस जागचा उठत नाही. याला विचारणी म्हणतात.

बाहेरून आलेल्यांना हे फार कंटाळवाणे वाटते. यंदा शहरातून काही तरुण मंडळी चित्रण करायला आली होती. सकाळीच त्यांच्यातल्या एकाने देवळापाशी झाडलोट करणाऱ्या धुरपाआक्काला विचारले, "आजी, रक्त येतं का पण खरोखर?"

"तुला कशापायी पायजे रक्त?" आक्का म्हणाली. "तालुक्याला सरकारी दवाखाना हाय, तितं जा. पोटभर बघ."

पोरे हसली. आक्का हसली नाही. तिने केरसुणी भिंतीला टेकवली, पाराच्या सावलीत बसली, त्यांनाही बसायला लावले आणि विचारणी कशी सुरू झाली ते सांगितले. खैरवडीत ही कथा थोड्याफार फरकाने सगळेच सांगतात. इथे दिली आहे ती आक्काची.

अशा खेळांपुढे दोन तऱ्हेची माणसे उभी असतात. एकाला ही देवीची कृपा वाटते आणि तो हात जोडतो. दुसऱ्याला ही निव्वळ हातचलाखी वाटते आणि तो हसतो. दोघांचे वाद वर्षानुवर्षे चालतात, सभा होतात, लेख छापून येतात. ज्याच्या पाठीवरून हा वाद चालतो, त्या माणसाला मात्र दोघांपैकी एकानेही कधी काही विचारलेले नसते. खैरवडीतही एके काळी असेच होते, असे सांगतात.

ते साल कोणते, हे कोणाला ठाऊक नाही. आगगाडी अजून या मुलखात आली नव्हती, एवढेच आक्का सांगते. त्या वर्षी गावात पटकी शिरली. पटकी म्हणजे आजचा कॉलरा. सकाळी नांगर धरलेला माणूस दिवस मावळायच्या आत चार खांद्यांवर जाई. गावाने मरीआईचा गाडा काढायचे ठरवले. छोट्या लाकडी गाड्यात देवीचे हिरवे लुगडे, बांगड्या आणि दहीभात ठेवून तो वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडायचा, म्हणजे रोगराई त्याच्याबरोबर जाते, अशी समजूत. पाटलाने दवंडी पिटवली की गाड्यासोबत गावातली आजारी माणसेही शिवेपार काढली जातील.

दवंडीचा परिणाम व्हायचा तोच झाला. माणसे आजार लपवू लागली. पोटात पीळ पडत असताना बाया दारात उभ्या राहून जाणाऱ्या-येणाऱ्याशी हसून बोलत. केरबा नावाचा एक कुणबी होता. त्याची बायको अशीच हसत उभी राहिली आणि चुलीपाशी जाऊन पडली ती उठलीच नाही. केरबा रडला नाही म्हणे. त्या दिवसापासून तो कोणाशी बोललाही नाही.

गाड्यापुढे आसूड ओढायला पोतराज लागतो. म्हणून पाटलाने मसूला बोलावणे धाडले.

मसू पोतराजाचे नाव तेव्हा पंचक्रोशीत होते. डोक्यावर केसांचा बुचडा, कपाळभर मळवट, कमरेला खणांच्या चिंध्यांचा घागरा, पायात घुंगरू. त्याची बायको सारजा देवीची पेटी डोक्यावर घेऊन ढोलके घुमवायची. ठकी नावाची त्यांची लहानगी लेक सूप घेऊन दारोदार धान्य मागायची. मसूच्या अंगाला आसूड लागत नाही, अशी त्याची ख्याती होती. आसूड असा कडाडायचा की झाडावरची पाखरे उडून जात, आणि मसूच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे.

ही विद्या त्याच्या बापाने त्याला शिकवली होती. अंबाडीचा आसूड पाण्यात भिजवून मऊ करायचा. शेपटाचा आवाज हवेतच काढायचा आणि मग तो दंडाभोवती गुंडाळू द्यायचा. आवाज मोठा, वळ बारीक. पण वळ उठतोच, आणि रोज त्याच जागी उठतो. त्याच्यासाठी बापाने दुसरी गोष्ट शिकवली होती. जीभ टाळूला घट्ट लावायची आणि नजर झाडाच्या शेंड्यावर नेऊन ठेवायची. मग तोंडातून आवाज फुटत नाही. पोतराजाच्या तोंडून "आई गं" निघाले तर देवी कोपली असे लोक धरतात, आणि कोपलेल्या देवीच्या पोतराजाला कोणी सूपभर जोंधळा घालत नाही, धोंडे घालतात. म्हणून मसूच्या घरात दुखलं हा शब्दच नव्हता. सारजा बाळंत झाली तेव्हाही तिने दाताखाली पदर धरला होता.

ठकी या घरात वाढली. आपल्या बापाचे अंग दुखत नाही, हे तिला आभाळ वर आहे इतके पक्के ठाऊक होते. आणि आपण त्याचीच लेक, तेव्हा आपलेही दुखता कामा नये, हे तिचे तिनेच ठरवले होते. खैरवडीला येण्याआधी एका शेळीमागे धावताना ती बाभळीच्या कुपाटीवर पडली. मांडीत मागच्या बाजूला काटा खोल घुसला आणि आतच मोडला. वरची कातडी मिटून गेली. ठकीने कोणाला सांगितले नाही. काटा आत पिकत राहिला.

खैरवडीत पोचेपर्यंत तिचे अंग तापाने फणफणले होते. वेशीबाहेर त्यांनी पाल ठोकले, तिथे सारजाने गावातल्या भागा सुईणीला बोलावून आणले. भागाच्या हातावर गावातली अर्धी माणसे जन्मली होती, आणि तिच्या तोंडाला सगळेच भीत. तिने पोरीचे पोट चाचपले, जीभ पाहिली.

"ही पटकी न्हाई," ती म्हणाली. "उलटी न्हाई, ढाळ न्हाई. आत कुटंतरी पू धरलाय. अंग सगळंच तापलंय, मला हाताला उमगंना. पोरी, कुटं दुखतंय सांग. तेवढंच फोडावं लागंल."

"कुटंच न्हाई," ठकी म्हणाली.

"अगं, सांग की बये. उशीर झाला तर मग म्या काय करू?"

"न्हाईच दुखत. पोतराजाची लेक हाय मी."

आक्का सांगते, हे ऐकून मसूचा ऊर भरून आला. मायेने नव्हे, अभिमानाने. एवढ्या तापातही लेकीने घराण्याचे नाव राखले, असे त्याला वाटले. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "वाघीण हाय माजी." या एका शब्दासाठी तो पुढे जन्मभर स्वतःला दोष देत राहिला म्हणे.

दुपारी गाडा पारापाशी आला. सारा गाव जमला होता. पाटील पुढे उभा होता. त्याने मसूला सगळ्यांदेखत बजावले, "आसूड ओढताना हूं की चूं केलंस तर आई गावावर कोपली असं आम्ही समजू. मग गाड्यासंगं तुझं बिऱ्हाडबी शिवंपार."

ठकीला पालात एकटी ठेवणार कोण? सारजाने तिला उचलून आणून पाराच्या कडेला, पिंपरणीच्या सावलीत निजवले होते. भागा सुईण तिच्याजवळ बसून अजूनही अंग चाचपत होती. ढोलके घुमू लागले. मसूने आसूड फिरवला. तो कडाडला, दंडाला गुंडाळला, लोकांनी देवीच्या नावाचा गजर केला. मसूने जीभ टाळूला लावली, नजर पिंपरणीच्या शेंड्यावर नेली. पुन्हा आसूड, पुन्हा गजर.

फिरत फिरत तो लेकीच्या समोर आला आणि त्याने खाली पाहिले. भागाचा हात ठकीच्या कमरेखाली होता, ती दाबून पाहत होती. ठकीचा चेहरा शांत होता. तोंड घट्ट मिटलेले. आणि तिचे डोळे वर, पिंपरणीच्या शेंड्यावर, नेमके त्याच फांदीवर लागलेले होते.

मसूचा हात थांबला.

त्या शेंड्याकडे माणूस केव्हा बघतो, हे त्या गर्दीत फक्त त्यालाच माहीत होते. तो गुडघ्यावर बसला आणि लेकीच्या कानाशी हळूच म्हणाला, "ठके, दुखतंय तुला. मला कळलंय. कुटं, ते सांग."

"न्हाई बा."

"दुखतं गं. माजंबी दुखतं."

ठकीने त्याच्याकडे पाहिले आणि ती हसली. "उगंच म्हनतोस. माज्यासाटी."

मागून लोक ओरडू लागले. ढोलके का थांबले? पोतराज बसला का? पाटलाने हाक मारली. सारजाला नवऱ्याचा चेहरा दिसला आणि आता हा काय करणार ते तिला कळले. ती नुसते "धनी" एवढेच म्हणाली. मसूने तिच्याकडे पाहिले. तिने ढोलके खाली ठेवून दिले.

मसू पाराच्या मधोमध जाऊन उभा राहिला. त्याने आसूड उचलला. या खेपेला त्याने तो हवेत वाजवला नाही. बापाने शिकवलेली सगळी युक्ती सोडून, बैलावर ओढावा तसा स्वतःच्या दंडावर ओढला. कातडी फाटली. आणि सगळ्या गावासमोर, मरीआईच्या उघड्या दारासमोर, मसू पोतराज मोठ्याने ओरडला, "आई गं! दुखलं!"

"दुखलं," तो पुन्हा म्हणाला. "ह्यो बी दुखला, आन् मगाचे बी. माज्या बापाचं बी दुखायचं. रोज दुखतं." मग तो लेकीकडे वळला आणि रक्ताळलेला दंड तिच्यापुढे धरला. "माजं हितं दुखतं, ठके. तुजं कुटं?"

ठकीने त्या दंडाकडे पाहिले. बोट लावून रक्त खरे आहे का तेही पाहिले. मग आजवर कोणी ऐकले नव्हते असे ती भोकाड पसरून रडली. रडता रडताच तिने मांडीच्या मागे हात नेला. "हितं. लई दुखतंय, बा. लई."

इकडे गर्दी भानावर आली होती. देवी कोपली, पोतराजाने गाव बुडवला, असा कालवा झाला. माणसे वाकून धोंडे उचलू लागली. सगळ्यांच्या पुढे केरबा होता. त्याच्या हातातला धोंडा सगळ्यात मोठा होता. भागा सुईण त्याच्या आडवी उभी राहिली.

"केरबा, धोंडा टाक आन् चूल पेटव," ती म्हणाली. "पानी उकळाय पायजे मला. मारायचं ते मागनं मारा, त्यो कुटं पळून जात न्हाई. आन् पाटील, तुमी नुसतं उबं राहू नका, त्या गर्दीला मागं सारा. पोरीला वारा लागू द्या."

या बाईने केरबाला जन्मताना धरले होते, पाटलालाही. असल्या माणसापुढे धोंडा किती वेळ उचलून धरणार? केरबाने तो टाकला. त्याने दगड मांडून चूल केली, गोवऱ्या आणल्या, पाणी तापवले. भागाने वस्तरा उकळत्या पाण्यातून काढला आणि ठकीने दाखवलेल्या जागी चीर दिली. किती पू गेला याला सुमार नाही म्हणे. शेवटी बाभळीचा काळा पडलेला काटा बाहेर आला. ठकी सारा वेळ ओरडत होती, आणि तिच्या प्रत्येक ओरडण्याला मसू "ओरड, माजे बाय, आनिक ओरड" म्हणत होता.

ती वाचली.

पण आक्का म्हणते, विचारणी सुरू झाली ती त्यानंतर. पोर सारजाच्या मांडीवर झोपली. मसू पारावर एकटाच बसला होता. धोंडे आता येतील, मग येतील, म्हणून वाट पाहत. केरबा चुलीपाशी होता. त्याने एका वाटीत तेल कोमट केले, त्यात हळद घातली आणि तो पारावर चढला. त्या काळी केरबाच्या घरचे लोक मसूच्या जातीच्या माणसाची सावलीही अंगावर पडू देत नसत. देवीसाठी याच्या अंगातून रक्त काढलेले चाले, त्या अंगाला हात लावलेला चालत नसे. ही रीत मोडायला गावाला कोणत्याही देवाने मनाई केलेली नव्हती, कधीच नव्हती. तरी ती मोडायला एक बायको गमावलेला माणूस लागला. केरबा मसूच्या समोर बसला, दोन बोटे तेलात बुडवून त्याने ती फाटलेल्या दंडावर टेकवली आणि विचारले, "लई दुखलं का रं?"

मसूला आयुष्यात हे कोणी विचारले नव्हते. त्याने नुसती मान डोलावली. तेल लावून झाले तेव्हा त्याने केरबाच्या तोंडाकडे नीट पाहिले, आणि म्हणाला, "आन् तुजं, दादा?"

केरबा तिथेच पारावर बसला आणि बायको गेल्यानंतर पहिल्यांदा रडला. गाव बघत होता. कोणी उठून गेले नाही. मग बायांमधून एकीने सांगितले की माझ्या पोराला पहाटेपासून ढाळ होतायत, मी लपवलंय. मग दुसरी बोलली.

त्या दिवसाने पटकी थांबली, असे काही लोक सांगतात. आक्का ते मान्य करत नाही. "न्हाई थांबली. आनिक मान्सं गेली," ती म्हणाली. "पर त्येंच्या उशाशी कुनीतरी बसलं हुतं. शिवंपार कुनाला टाकलं न्हाई. पाटलालाबी मग तोंड उघडाय जागा राहिली न्हाई."

पोरांपैकी एकीने विचारले, "आणि मसूचं पुढे काय झालं?"

मसूचे पुढे चांगले झाले नाही. दुखणारा पोतराज म्हणून त्याची ख्याती त्याच्या आधी गावोगाव पोचली. कित्येक दारे मिटली. ओसरीवर बसलेले लोक त्याला मुद्दाम हाका मारत, "काय रं मसू, आज कुटं दुखतंय?" आणि खो-खो हसत. शब्द तेच होते. खैरवडीला मात्र तो दरवर्षी आषाढात यायचा. आसूड एकदाच ओढायचा. ज्या घरात कोणी गेले असेल त्या घरचे माणूस तेल घेऊन चढायचे आणि विचारायचे, आणि मसू खरे सांगायचा. कधी म्हणायचा दुखलं, कधी म्हणायचा यंदा थोडंच. अगदी शेवटच्या वर्षी, म्हातारा झाल्यावर, त्याला आसूड उचलवला नाही. तरी त्याला विचारले गेले. "लेक लांब दिलीया," तो म्हणाला म्हणे, "तेवढंच दुखतं."

गोष्ट एवढीच. पुढे पोतराजांबरोबर दुसरेही खेळ करणारे या पारावर येऊ लागले, आणि गावाने सगळ्यांना हीच रीत लावली.

आजही खैरवडीत पहिला प्रश्न कोणी विचारायचा ते जत्रेआधी ठरते. दुसरा प्रश्न, मसूने केरबाला उलट विचारला तसा, मात्र कोणी कोणाला पढवत नाही. बाहेरून आलेल्या खेळ करणाऱ्याला त्याच्याबद्दल अवाक्षर सांगायचे नाही, असा गावाचा दंडक आहे. तो आपला आपण यायचा असतो. कित्येक वर्षी येत नाही. तेल लावून घेऊन खेळ करणारा उठतो, लोक पांगतात, आणि विचारणारे माणूस रिकामी वाटी घेऊन घरी जाते.

यंदा आक्काने गोष्ट सांगितली त्याच दुपारी छातीवर फरशी ठेवून ती घणाने फोडून घेणारा यल्लाप्पा नावाचा माणूस राज्याच्या सीमेकडून आला होता. फरशी फुटली, तुकडे उडाले, तो हात वर करून उठला आणि टाळ्यांची वाट पाहत उभा राहिला. टाळ्या आल्या नाहीत. गर्दीतून हिंदूबाई उठली. तिचा तरणा मुलगा विहिरीच्या मोटारीचा शॉक लागून उन्हाळ्यात गेला. ती तेलाची वाटी घेऊन पारावर चढली, त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "दुखलं का?"

यल्लाप्पा हसला. "काय नाय, मावशी. सवय हाय आपल्याला."

हिंदूबाई बसून राहिली. लोकही बसून राहिले. यल्लाप्पाने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. कोणी हसत नव्हते, कोणी उठत नव्हते. त्याचे वर केलेले हात हळूहळू खाली आले आणि तो तिच्यासमोर बसला.

"बरगडी," तो अखेर म्हणाला, इतक्या हळू की पुढच्या रांगेलाच ऐकू गेले. "डावीकडची. कुशीवर झोपता येत नाय. घरी सांगितलं नाय अजून."

तिने त्याचा सदरा वर करून तेल लावले. बराच वेळ लावत होती. तो मान खाली घालून तिचे हात बघत होता. हातात एकही बांगडी नव्हती, आणि बोटे त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरत होती. तेल संपले. तो उठायला म्हणून टेकू घेऊन वाकला, आणि तसाच थांबला.

"मावशी," तो म्हणाला, "तुमचं काय दुखतं?"

हिंदूबाईने वाटी खाली ठेवली.

"बस," ती म्हणाली. "सांगते."